आण्णासाहेबांचा खळगा

मी एक जुनी सीट आहे, मित्रांनो. गाडीची, आणि त्यातही ड्रायव्हरची. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझ्या मागची लांबलचक सीटही स्वतःला सीटच म्हणवून घेते. ती रेक्झीनची आहे आणि मी अस्सल चामड्याची. आता मी स्वतःच्या तोंडानं स्वतःचं कौतुक किती करणार? पण माझी गोष्ट ऐकाल तर फरक तुमचा तुम्हालाच कळेल. ऐकताना थोडी भीती वाटेल. मलाही वाटली होती.

माझा जन्म जळकोटला झाला. तिथं हायवेला लागून महांतप्पांचं गाड्यांच्या कुशनचं दुकान आहे. येडशीजवळच्या एका गावाचे आण्णासाहेब आपली गाडी घेऊन त्यांच्याकडे आले आणि पुढच्या दोन सीटा चामड्याच्या करून मागितल्या. महांतप्पांनी म्हशीचं एक कमावलेलं कातडं काढलं, हातानं चाचपून पाहिलं आणि त्यातून आम्हा दोघींना कापलं. उजवीकडची मी आणि डावीकडची माझी बहीण. मागच्या सीटला कातडं पुरलं नाही म्हणून तिच्या वाट्याला रेक्झीन आलं. त्याचा राग ती अजून धरून आहे.

गाडी ताब्यात देताना महांतप्पा म्हणाले, "सायेब, ह्येला पानी कमी आन् हात जास्ती लागतोय बघा. रोज बसनाऱ्याचा आकार घेतंय चामडं. घेतला की लौकर सोडत न्हाय."

आण्णासाहेबांनी ते मनावर घेतलं. दर शनिवारी गाडी लिंबाच्या सावलीत यायची. आधी ते दाढीच्या जुन्या ब्रशनं माझ्या शिवणीतली धूळ झाडत. मग कोमट पाण्यात लहान बाळाचा साबण किंचित कालवून, बायकोच्या, द्वारकाबाईंच्या, जुन्या लुगड्याचं फडकं त्यात बुडवून घट्ट पिळत आणि मला हलक्या हातानं पुसत. मी सावलीतच वाळले की बोटावर थोडं क्रीम घेऊन ते माझ्या अंगात जिरवत. बहिणीचंही तसंच व्हायचं. मागचीला नुसतं ओलं फडकं आणि मग कोरडं. तिला तेवढंच मानवतं. एकदा त्यांच्या मुलानं, रणधीरनं, डॅशबोर्डला आणि तिला खोबरेल चोळलं होतं. दोघं अशी चमकली की विचारू नका! पण आठ दिवसांत येडशी रस्त्याची सगळी धूळ त्यांना चिकटली. आण्णासाहेब त्या दिवशी रणधीरला जे बोलले ते मी इथं सांगत नाही.

आण्णासाहेब अंगानं भारदस्त होते. डावा गुडघा दुखायचा म्हणून बसताना आधी डावी मांडी टेकवायचे आणि मग सावकाश पाठ सोडायचे. वर्षा-दोन वर्षांत माझ्या अंगावर त्यांचा खळगा पडला. रोज दुपारी चार वाजता चहा झाला की ते उभ्या गाडीत येऊन पाव तास बसायचे. कुठं जायचं नसायचं.

"घरात खुर्च्या काय कमी हायत व्हय?" द्वारकाबाई विचारायच्या.

"हितं पाठीला बरं वाटतंय," ते म्हणायचे.

असेच एकदा चैत्रात ते बसले. द्वारकाबाई चहाचा राहिलेला कप घ्यायला आल्या आणि खिडकीशी उभ्या राहून बोलू लागल्या. कडबा संपत आलाय, रणधीरचा फोन आला होता, गोठ्याचा पत्रा वाजतोय. बराच वेळ त्या बोलत होत्या. मला मात्र कळलं होतं. माझ्यावरचं वजन तेच होतं, पण त्यातला माणूस गेला होता. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

आमच्या भागात एक रीत आहे. माणसाचा जीव जिथं जातो तिथं पीठ पसरतात, जवळ दिवा लावतात आणि पिठावर दुरडी झाकतात. तिसऱ्या दिवशी दुरडी उचलून पिठावर कशाचा ठसा उमटलाय ते पाहतात. गेलेला माणूस कोणत्या रूपात आला ते त्यावरून समजतं म्हणे. भाऊबंदातले वैजनाथकाका म्हणाले, जीव गाडीत गेलाय, पीठ तिथंच पसरायला पाहिजे. कुणी आडवं बोललं नाही. माझ्या अंगावर ज्वारीचं पीठ पसरलं, खाली पायांपाशी दिवा ठेवला, वर दुरडी पालथी घातली आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला गाडी बंद होती. काचा वर होत्या. ऊन पत्र्याच्या शेडवर तापत होतं आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. तेव्हा माझ्या अंगावर आधी डावी मांडी टेकली. मग सावकाश पाठ.

दुरडी हलली नाही. पीठ सांडलं नाही. तरी मी दबले, मित्रांनो. पाव तासानं वजन उठलं.

तिसऱ्या दिवशी सगळे जमले. दुरडी उचलल्यावर वैजनाथकाका म्हणाले, पाखराचं पाऊल आहे. दुसरं कुणी म्हणालं, मुंगीची रांग आहे. द्वारकाबाई सगळ्यांत शेवटी वाकल्या. पिठावर आण्णासाहेबांच्या धोतराचा पोत उमटला होता. उभे आडवे धागे आणि मांडीखाली दुमडलेली एक घडी. त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी दार लावलं, कुलूप केलं आणि किल्ली पदराला बांधली.

"हिला आता कुणी हात लावायचा न्हाय," त्या म्हणाल्या.

"आई, निदान पीठ तरी झाडू दे," रणधीर म्हणाला.

"न्हाय म्हनलं ना म्या!"

तेव्हापासून दोन उन्हाळे मी तशीच पडून होते. रोज चार वाजता ते यायचे. रोज त्याच वेळी द्वारकाबाईही यायच्या, दार उघडायच्या आणि खळग्यावर तळहात ठेवून दिवसभराचं सांगायच्या. खळगा कोमट असायचा. उन्हानं तापलेलं सगळीकडं सारखं तापतं. हे तसं नव्हतं, फक्त तेवढीच जागा कोमट असायची. तळहात ठेवला की बाईंचा चेहरा सैल पडायचा. त्या घरात कुणाशी बोलत नसत. पण इथं बोलायच्या, आणि त्यासाठीच त्यांचा दिवस चालू होता.

मी मात्र आतून मरत होते. पीठ माझ्या शिवणीत आणि बारीक भोकांत जाऊन बसलं. पावसाळ्यात ते ओलावलं, त्यात पोरकिडे झाले. दिव्याची काजळी अंगावर धरली. जुन्या घामाचं मीठ वर आलं. पत्र्याखालच्या उन्हात माझ्यातला ओलावा आटला आणि मी पापडासारखी कडक होत गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात खळग्याच्या काठाला टच्च असा आवाज होऊन पहिली भेग पडली. मागची सीट हसली असेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

आण्णासाहेबही बदलले. ते आता स्वस्थ बसत नसत. अवघडल्यासारखे सारखे सरकत. वजन दिवसेंदिवस हलकं होत चाललं. पाव तासाचं दहा मिनिटांवर आलं, मग पाचावर. मला धास्ती बसली की मी फाटले तर हे बसणार कुठं? आणि बाई तळहात कुठं ठेवणार?

एके दिवशी द्वारकाबाईंनी दार उघडलं आणि त्या थबकल्या. आतून आवाज येत होता. खर्र, खर्र. नखानं काही खरवडावं तसा. त्यांना वाटलं उंदीर शिरला. त्यांनी माझ्या खाली पाहिलं, मागं पाहिलं, डिकी उघडून पाहिली. काही नव्हतं. आवाज मात्र चालूच होता, माझ्या उजव्या शिवणीपाशी. त्यांनी चष्मा लावला आणि जवळ वाकल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत शिवणीतून वाळलेल्या पिठाची एक खपली सुटली आणि खाली पडली. मग दुसरी. बोटभर लांबीची शिवण स्वच्छ झाली होती. आत महांतप्पांचा पांढरा दोरा दिसत होता.

बाईंनी तोंडाला पदर लावला. त्या घाबरून पळतील असं मला वाटलं. त्या तिथंच मातीत बसल्या आणि रडू लागल्या.

"तुमाला घाण न्हाय चालत," त्या म्हणाल्या. "म्या इसरलेच की वो."

दुसऱ्याच दिवशी रणधीर जळकोटहून महांतप्पांना घेऊन आला. म्हाताऱ्यानं मला हात लावला आणि तो चुकचुकला.

"आक्का, ह्ये काय केलंसा?"

"महांतप्पा, तुमी खरं सांगा. जगंल का ही?"

महांतप्पांनी खळग्यावरून अंगठा फिरवला. "खरं सांगतो. साफ करून क्रीम पाजलं तर चामडं मऊ पडंल, आन् मऊ पडलं की खळगा वर येईल. सायबांची बैठक जाईल. न्हाय केलं तर ह्या म्हैन्यात मधोमध फाटंल, मग समदंच काढून टाकायचं. तिसरी वाट न्हाय, आक्का."

रणधीर म्हणाला, "आई, तू सांगशील तसं."

द्वारकाबाई वळल्या. घरात जाऊन त्या दाढीचा ब्रश आणि कोमट पाण्याचं तांब्याचं भांडं घेऊन आल्या. महांतप्पांनी पुढं हात केला तर त्यांनी मान हलवली. "मीच करते. तुमी नुसतं सांगा."

चार दिवस लागले. पहिल्या दिवशी ब्रशनं आणि महांतप्पांच्या धूळ ओढायच्या मशीननं पीठ काढलं. दुसऱ्या दिवशी साबणाचं पिळलेलं फडकं, तेही हाताएवढी जागा घेऊन, घाई न करता. पाणी काळं निघत होतं आणि बाई ते पुन्हा पुन्हा बदलत होत्या. तिसऱ्या दिवशी मी सावलीत पडून वाळले. चौथ्या दिवशी क्रीम. बाईंचा हात आण्णासाहेबांपेक्षा हलका होता. तो फिरू लागला तसं माझं अंग सुटू लागलं, आणि मला हवं असो नसो, खळगा वर येऊ लागला. मी त्याला खाली दाबून धरायचा प्रयत्न केला. खरंच केला, मित्रांनो. पण चांगल्या हाताखाली चामड्याचं काही चालत नाही. संध्याकाळपर्यंत मी सपाट झाले होते.

पाचव्या दिवशी चार वाजले. कुणी आलं नाही. बाईंनी तळहात ठेवला. मी गार होते.

त्या दिवशी रणधीर त्यांना धरून घरात घेऊन गेला. मला वाटलं, आता गाडी विकतील. रणधीरनं तसं विचारलंही. बाई म्हणाल्या, "इकायची न्हाय. मला शिकीव." बासष्टाव्या वर्षी त्या माझ्यावर बसल्या, पाठीशी उशी घेऊन, आणि शेताच्या रस्त्यावर गाडी शिकल्या. गियर टाकताना त्या अशा काही आवाज काढायच्या की बांधावरची वासरं उधळायची. दर शनिवारी मला त्या पुसतात. मागचीलाही पुसतात, खोबरेल न लावता.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. तुमच्या घरच्या गाडीत चामडं असो की रेक्झीन, तिला उन्हात सोडू नका. धूळ साठू देऊ नका. पाण्यानं भिजवू नका, तेलानं चोपडू नका. मऊ फडकं, थोडं पाणी आणि आठवड्यातून अर्धा तास एवढंच आम्हाला लागतं. एखाद्याची आठवण म्हणून वस्तू ठेवणार असाल तर तिला कुलूप लावून ठेवू नका. हात लावा, पुसा, वापरा. नाहीतर वस्तूही जाते आणि आठवणीलाही बसायला जागा उरत नाही.

एवढं बोलून मी थांबणार होते, पण परवाचं सांगायलाच हवं. परवा रणधीर धाराशिवला गेला होता. द्वारकाबाई पहिल्यांदाच एकट्या निघाल्या, येडशीला भाजी आणायला. दुपारची वेळ होती. त्यांनी आरसा नीट केला, पट्टा लावला आणि गाडी सुरू केली. माझ्या डावीकडची माझी बहीण इतक्या वर्षांत कधी चकार शब्द बोलली नव्हती. ती करकरली. आधी डावीकडून दबली. मग सावकाश तिची पाठ मागे गेली.

बाईंनी मान वळवली नाही.

"पट्टा लावा आदी," त्या म्हणाल्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डावीकडं खट्ट असा आवाज आला, आणि बाईंनी हळूच क्लच सोडला.