भिंतीपलीकडचा बॉयलर

थेल्मानं रबरी पिशवीत हाताला सोसेल इतपत गरम पाणी भरलं, बूच घट्ट फिरवलं आणि घरातल्या सपाता घालूनच ती मागच्या अंगणात उतरली. घर तापवणाऱ्या बॉयलरचं सांडपाणी नेणारी पांढरी नळी स्वयंपाकघराच्या भिंतीतून बाहेर येऊन गटाराकडे वळत होती, आणि त्या वळणावर आतलं पाणी गोठून दगड झालं होतं. दरवर्षीच्या कडाक्यात हेच. तिनं पिशवी नेमकी वळणावर धरली आणि जुन्या लांब पायमोज्यानं आवळून बांधली. गाठ तिच्या गोदीवरच्या दिवसांतली होती, एकदा मारली की सुरीशिवाय सुटायची नाही.

तेवढ्यात कोटाच्या खिशात फोन वाजला. लीड्सहून लेक, लोरेन.

“आई, कुठे आहेस?”

“अंगणात.”

“या थंडीत? बॉयलर बंद पडला ना? मला वाटलंच होतं!”

“बंद नाही पडला. रुसलाय. समजूत काढतेय त्याची.”

“आई, थट्टा नको. आज शेवटचा दिवस आहे. पाचच्या आत नको म्हणून कळवलं नाहीस तर योजना आपोआप सुरू होईल. तू फक्त फोन करू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे.”

पंधरवड्यापूर्वी लोरेन येऊन बॉयलरच्या देखभाल योजनेचा अर्ज भरून गेली होती. महिन्याला बावीस पौंड, वर्षातून एकदा तपासणी आणि बिघाड झाला की कंपनीचा माणूस दारात. पैसे लोरेनच देणार होती. अर्जाची छापील प्रत तिनं फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवली होती, आणि थेल्मा दूध काढायला गेली की तिला ती वाचावीच लागायची. बाकी सगळं ठीक होतं. खाली एक चौकट होती: ‘घरात दुर्बल व्यक्ती राहते.’ त्यात बरोबरची खूण, आणि पुढे नाव, थेल्मा गार्साइड, वय शहात्तर.

“ती खूण असली की माणूस लवकर येतो आई. एवढाच तिचा अर्थ.”

“अर्थ मला कळतो. एकतीस वर्षं बर्फाच्या पाण्यात हात घालून हॅडॉक मासे चिरलेत मी. मला दुर्बल म्हणायची मुकादमाची टाप नव्हती.”

“तेव्हा तू तिशीत होतीस.”

“आणि आता शहात्तर. वाचलं मी. फ्रिजवर लावलंयस ना.”

लोरेनचा आवाज खाली आला. “हे बघ, योजना नको असेल तर हिवाळाभर आमच्याकडे राहायला ये. दोन्हीतलं एक काहीतरी कर. टीव्हीवर बर्फ दाखवतात आणि मला इथे झोप लागत नाही.”

“संध्याकाळी सांगते,” थेल्मा म्हणाली.

लेकीचं प्रेम तिला कळत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. परक्याला चार शब्द सुनावता येतात. पण हा शब्द एकदा कागदावर चढला की उतरत नाही हेही तिनं पाहिलं होतं. पुढच्या गल्लीतल्या ग्लेंडाचं तेच झालं. आधी बॉयलर, मग जिन्याला दुसरा कठडा, मग न्हाणीघरात खुर्ची, आणि एके दिवशी घराबाहेर ‘विकणे आहे’ची पाटी. ग्लेंडाला विचारलं कुणी? विचारलं, पण उत्तर ऐकायला कोण थांबलं!

दहा मिनिटांनी नळीतला बर्फ खळकन गटारात पडला. थेल्मानं आत जाऊन बटण दाबलं. बॉयलरनं घसा खाकरला, मग तो गुरगुरला आणि धडधडत सुरू झाला.

“शाब्बास,” ती त्याला म्हणाली. “दुर्बल कुठला!”

चहाचा कप घेऊन ती टेबलाशी बसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की भिंत गप्प आहे.

त्या ओळीतली सगळी घरं एकमेकांना चिकटून, मध्ये एका विटेची भिंत. पलीकडे क्लिफ एकटा राहायचा. त्याचा बॉयलर रोज सकाळी सहाला सुरू व्हायचा आणि त्याचे पाइप तापताना असे ठोके मारायचे की थेल्माला घड्याळाची गरज पडत नसे. आज ठोके ऐकले नव्हते. काल? काल तिनं रेडिओ मोठ्यानं लावला होता. परवा ती बाजारात गेली होती. तिला स्वतःचाच संताप आला. चहा तसाच टाकून ती मागच्या दहाफुटी बोळातून क्लिफच्या दाराशी गेली.

दार नुसतंच लोटलेलं होतं. क्लिफ स्वयंपाकघरात खुर्चीवर ओव्हरकोट, लोकरी टोपी आणि हातमोजे घालून पेपर वाचत बसला होता. पान उलटायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला.

“किती दिवस झाले?” थेल्मानं विचारलं.

“कशाला?”

“क्लिफ, तुझ्या तोंडातून वाफ निघतेय.”

“रविवारपासून,” तो पेपरातच बघत म्हणाला.

“आज मंगळवार आहे. अरे, तुझी तर योजना आहे ना? बावीस वर्षं भरतोयस. येता-जाता ते कार्ड माझ्या नाकासमोर नाचवायचास.”

“आहे की.”

“मग फोन नाही केलास?”

“अगं, असल्या थंडीत त्या लोकांच्या मागे काय कमी घरं असतील? कुठे तान्हं बाळ असेल, कुठे म्हातारं माणूस असेल. कशाला उगाच त्रास द्यायचा?”

“तू एक्याऐंशीचा आहेस!”

“म्हणून काय झालं?”

यावर कपाळाला हात लावण्यापलीकडे काय करणार? कुणीतरी यावं म्हणून बावीस वर्षं पैसे भरायचे, आणि कुणाला यावं लागू नये म्हणून थंडीत बसायचं. क्लिफ एकटाच असा होता असं नाही. या गल्लीत माणसं पाय मोडला तरी आधी अँब्युलन्सवाल्याची माफी मागत. थेल्माची आई तशीच होती. पण निदान तिनं कार्ड तरी नाचवलं नव्हतं.

“चल, माझ्याकडे चल. घर गरम आहे.”

“मी माझ्या घरात बसलोय, बरा बसलोय. आणि ही काय थंडी आहे? आइसलंडच्या समुद्रात आम्ही दोरांवरचा बर्फ कुऱ्हाडीनं तोडायचो. तोडला नाही तर मासेमारीचा ट्रॉलर उलटायचा.”

“तेव्हा तू विशीत होतास,” थेल्मा म्हणून गेली, आणि मग तिनं जीभ चावली. सकाळी हेच वाक्य तिला कुणी ऐकवलं होतं ते तिला चांगलं आठवत होतं.

ती बाहेर जाऊन नळी बघून आली. नळी मोकळी होती. आत येऊन तिनं बॉयलरखाली पाहिलं. तिथे बादली ठेवलेली, आणि तिच्यात पाण्याची बारीक धार पडत होती. आतूनच काहीतरी गेलं होतं. बॉयलरचं झाकण परवानेवाल्या माणसाशिवाय कुणी उघडायचं नसतं, आणि थेल्मा कितीही धीट असली तरी गॅसशी तिनं कधी मस्ती केली नव्हती. पिशवी आणि पायमोजा इथे कामाचे नव्हते. हे कबूल करायला तिला मिनिटभर लागलं, पण तिनं केलं.

“कार्ड दे,” ती म्हणाली. कार्डावर फ्रिजवरच्या कागदावरचंच कंपनीचं नाव होतं.

फोनवर वीस मिनिटं वाजंत्री वाजली. मग एक मुलगी बोलायला लागली. आवाज गोड होता. तिनं क्लिफचा पत्ता लिहून घेतला, गळतीचं ऐकून घेतलं.

“गुरुवारी दुपारी पाठवू शकतो, मॅडम.”

“गुरुवारी? पोरी, आज मंगळवार आहे!”

“फार फोन आहेत हो. घरात कुणी दुर्बल व्यक्ती असेल तर आजच्या यादीत घालता येईल. आहे का कुणी?”

थेल्मानं फोनवर हात ठेवला आणि क्लिफकडे पाहिलं. त्याला ऐकू गेलं होतं.

“नाही म्हणून सांग,” तो म्हणाला. “कोण आहे इथे दुर्बल? माझं नाव असल्या यादीत घातलंस तर बघ, थेल्मा. जन्मात बोलणार नाही तुझ्याशी.”

तो ताठ बसून बोलत होता, पण त्याचे ओठ जांभळे पडले होते आणि पेपर मांडीवरून घसरला होता. तो उचलायला तो वाकला नाही. त्याला वाकता येत नव्हतं हे थेल्माला दिसलं. आणि हा माणूस मेला तरी ‘हो’ म्हणणार नाही हेही तिला दिसलं. त्याच्या जागी तिनं तरी कुठे म्हटलं असतं?

“मॅडम? आहे का कुणी?”

“आहे,” थेल्मा म्हणाली.

“नाव सांगाल?”

तिनं क्लिफकडे पाठ फिरवली. “थेल्मा गार्साइड. वय शहात्तर.”

“त्या तिथेच राहतात का?”

“बॉयलर सुरू होईपर्यंत इथेच राहणार आहे,” थेल्मा म्हणाली, आणि खोटं ठरू नये म्हणून तिनं तिथल्या तिथे खुर्ची ओढली.

फोन ठेवल्यावर क्लिफनं तिच्याकडे पाहिलं.

“हे काय केलंस?”

“तू बोलू नकोस. जन्मात बोलणार नव्हतास ना? मग गप्प बस.”

ती आपल्या अंगणात जाऊन सुरीनं गाठ कापून पिशवी घेऊन आली. क्लिफच्या किटलीत पाणी उकळून त्यात थोडं गार मिसळलं, पिशवी पुन्हा भरली आणि विचारत न बसता त्याच्या कोटाच्या आत सारली. दोघं टोमॅटोचं डब्यातलं सूप प्यायली. क्लिफ आइसलंडबद्दल एक अक्षरही बोलला नाही. दोनदा बादली भरली, दोन्ही वेळा थेल्मानं रिकामी केली.

अडीच वाजता कंपनीचा माणूस आला. पन्नाशीचा, रुंद, दारातच बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवणारा. त्यानं हातातल्या फोनच्या पडद्यावर बोट फिरवलं.

“घरात दुर्बल बाई आहेत असं लिहिलंय. कुठायत त्या?”

थेल्मा तेव्हा तिसरी बादली दोन्ही हातांनी उचलून उभी होती. माणसानं तिच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. थेल्मानं बादली खाली ठेवली. कान गरम झाले होते, पण म्हणायचं तर होतंच. तिनं तोंड उघडलं.

“मी,” क्लिफ म्हणाला.

“काका, इथे बाई लिहिलंय.”

“तुमच्या पोरीनं फोनवर भलतंच ऐकलं असेल. मीच तो.” क्लिफनं टोपी काढली. मग दातांनी ओढून हातमोजा काढला आणि हात टेबलावर ठेवला. हात थरथरत होता, आणि त्यानं तो लपवला नाही. “एक्याऐंशी. तीन दिवस मूर्खासारखा बसलोय. लिहा.”

त्या भल्या माणसानं पुढे काही विचारलं नाही. लिहून घेऊन तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं झाकण उघडलं. थेल्मानं बादली मोरीत ओतली आणि ती फडक्यानं पुसत उभी राहिली. पुसून कोरडी झाली तरी पुसत राहिली.

पंपाचं रबर गेलं होतं. तासाभरात काम झालं. थेल्मा निघाली तेव्हा क्लिफ तिच्या मागोमाग दारापर्यंत आला.

“उद्यापासून सहाला माझा नाही वाजला,” तो म्हणाला, “तर भिंतीवर ठोक.”

“आणि माझा नाही वाजला तर?”

“मी ठोकीन. तेव्हा मुकाट्यानं इकडे येऊन बसशील?”

सोपा प्रश्न नव्हता तो.

“बसेन,” ती म्हणाली. “पण सूप बदल. ते फार पाणचट होतं.”

घरी येऊन तिनं फ्रिजवरचा कागद काढला. पाचला वीस मिनिटं होती. या वेळी वाजंत्री दहाच मिनिटं वाजली आणि दुसरीच एक मुलगी बोलली.

“थेल्मा गार्साइड. लेकीनं माझ्या नावानं योजना घेतलीय. रद्द करायचीय.”

“कारण विचारू का, मॅडम? किंमत जास्त वाटली?”

“किंमत लेक देतेय.”

“मग आमच्या कामाबद्दल काही तक्रार?”

“काम चांगलं आहे तुमचं. आजच पाहिलं. त्या माणसाला माझा नमस्कार सांग.”

मुलगी गोंधळली. “मग कारण काय लिहू?”

भिंतीपलीकडे क्लिफचे पाइप तापत होते. टक्, टक्, थांबून पुन्हा टक्. थेल्मानं तळहात भिंतीला लावला. वीट अजून गारच होती, पण ठोके हाताला कळत होते.

“लिही, भिंत पातळ आहे.”

“काय म्हणालात?”

“भिंत. आमच्या दोन घरांमधली. पातळ आहे.”

मुलीनं कुठेतरी काहीतरी शोधलं. “मॅडम, तसा पर्याय नाहीये आमच्या यादीत.”

“मग यादी अपुरी आहे तुमची, पोरी,” थेल्मा म्हणाली, आणि तिनं लोरेनला फोन लावला.