माळावरचे बावीस देव

निजाम जाऊन चार वर्षं झाली होती. झरीच्या माळावर हैदराबादेहून भूगर्भ खात्याचे बन्सीधर साहेब आले आणि कासाबाई धनगरणीला घोर लागला. विहीर खोदताना कुणाला तरी चमकता दगड सापडला, त्यानं सरकारात अर्ज केला. आता सोनं निघालं, की माळ सरकारचा. मग तिच्या साठ मेंढरांनी खायचं काय? सोनं?

साहेब दिवसभर हिंडायचे, हव्या त्या दगडावर चुन्याची फुली मारायचे, "उद्या फोडू" म्हणायचे आणि चावडीत मुक्कामाला जायचे. सकाळी येऊन बघावं तर फुलीवर पिवळाधमक भंडारा, वर तरवडाचं फूल, नि कासाबाई हात जोडून उभी.

"साहेब, ह्यो आमचा बिरोबा."

"काल नव्हता!"

"काल निजला व्हता."

भंडारा लागलेल्या दगडाला धनगर लोखंड लावत नाहीत. साहेबांनी रोजानं हातोडीला ठेवला होता तो तिचाच नवरा, येडबा. तो हातोडी टाकून दगडापुढं सरळ दंडवत घालायचा.

चार दिवसांत बावीस देव झाले. येडबा कुजबुजला, "अगं, भंडारा सपायलाय. देवाची नावं बी सपली."

"मंग देवाचे मेव्हणे बसवा."

पाचव्या दिवशी साहेब तिच्यासमोर मातीतच बसले. "बाई, या माळाखाली सगळा काळा कातळ आहे. कधीकाळी तापून, वितळून, गुळाच्या पाकासारखा पसरलेला. सोनं असतं त्याहून जुन्या दगडात, तिकडं रायचूरकडं. इथं चमकते ती गारगोटी."

"मंग जावा की घरला!"

"तुकडा नेल्याशिवाय कसा जाऊ? नुसतं 'सोनं नाही' लिहिलं, तर वरचे दुसरा साहेब धाडतील. मशीन घेऊन."

बावीस देवांवरून कासाबाईची नजर फिरली. मग बांधाकडच्या एका दगडापाशी ती गेली आणि पदरानं त्याचा भंडारा हळूच पुसला, लेकराचं तोंड पुसावं तसा.

"ह्यो न्या. आज सकाळचाच हाय."

"अगं, देव फोडायचा?" येडबा घाबरला.

"फोडायचा कुटं? हैदराबादेला जायलाय त्यो. माळाचं सांगायला."

येडबानं आधी डोकं टेकवलं, मग हातोडी मारली. मेंढरांनी माना वर केल्या, इकडं तिकडं पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली.