फिरत्या दांड्यावरचा चोर

नणंद-भावजयीचं एका छपराखाली पटत नाही म्हणतात, पण या दोघींचं एका लाँड्रीत बावीस वर्षं पटत आलं होतं. पटत होतं म्हणजे काय, तर रोज सकाळी भांडण व्हायचं आणि कपडे वाळेपर्यंत मिटायचं. लाँड्री वहिनींच्या नवऱ्याने काढलेली. तो गेल्यावर वहिनी काउंटरला उभ्या राहिल्या आणि मागची वाफेची इस्त्री त्याच्या धाकट्या बहिणीने ताब्यात घेतली. वहिनी तिला वन्सं म्हणायच्या, म्हणून सगळी गल्लीच तिला वन्सं म्हणायला लागली. अगदी पोस्टमनसुद्धा.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तीन दुकानं सोडून असलेल्या औषधवाल्याला भरदिवसा चाकू दाखवून लुटलं. लुटणारी पोरं होती, मिसरूडही न फुटलेली. दुसऱ्याच दिवशी वन्संनी स्वसंरक्षणाच्या वर्गात नाव घातलं. आठवड्यातून तीन संध्याकाळी सभागृहात जाऊन त्या ओरडायला, ढकलायला आणि गुडघा मारायला शिकत होत्या आणि शिकलेलं सगळं दुसऱ्या दिवशी वहिनींवर करून बघत होत्या.

"वहिनी, माझं मनगट धर."

"अहो वन्सं, गिऱ्हाईक उभं आहे."

"चोर काय गिऱ्हाईक जायची वाट बघणार आहे? धर म्हणते ना!"

वहिनी धरायच्या आणि पुढच्या क्षणी त्यांचा अंगठा भलत्याच दिशेला बघत असायचा. सहा आठवड्यांत त्यांनी दोनदा हाताला पट्टी बांधली. त्यांचं स्वतःचं मत साधं होतं: चोर आला तर मागेल ते देऊन टाकावं, जीव राहिला की सगळं पुन्हा कमावता येतं. वन्संचे शिक्षकही पहिल्या दिवशी हेच म्हणाले होते, पण त्या दिवशी वन्सं उशिरा पोचल्या होत्या.

लाँड्रीत एक दांडा होता. छताखालून दुकानभर फिरणारा, साखळीवर चालणारा, हातभर अंतरावर लोखंडी आकडे असलेला. धुऊन झालेले कपडे त्यावर टांगलेले असत. काउंटरखालचं पेडल दाबलं की दांडा फिरायचा आणि गिऱ्हाइकाचा कोट आपल्या पायाने चालत आल्यासारखा समोर यायचा. कपडे हाताला यावेत म्हणून काउंटरपाशी तो चांगला खाली झुकलेला होता, पुढे वर चढून इस्त्रीच्या मागून वळसा घालायचा. पाय पेडलवर असेपर्यंत तो फिरायचा. पाय उचलला की थांबायचा.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला दारावरची घंटी वाजली आणि तिघं आत आले. लोकरीच्या टोप्या हनुवटीपर्यंत ओढलेल्या, डोळ्यांच्या जागी कात्रीने भोकं पाडलेली. एकाची दोन्ही भोकं एका बाजूला गेली होती, त्यामुळे तो मान वाकडी करून बघत होता. सगळ्यात लांबड्याच्या हातात चाकू होता. वाकड्या मानेच्या हातात पिस्तूल होतं. तिसरा, अगदीच चिमुकला, दारातच थांबला.

वहिनींनी बावीस वर्षांच्या सवयीने हात पुढे केला. "पावती?"

लांबडा गोंधळला. "पावती नाहीये."

"मग नाव सांगा, वहीत बघते."

तो खरंच नाव सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. मग त्याला आपण कशाला आलोय ते आठवलं. "ए म्हातारे, गल्ला काढ!" म्हणत त्याने चाकू पुढे केला.

चाकू खरा होता. लांब, पातळ, भाजीच्या पाटावरून थेट उचलून आणलेला. मागेल ते द्यायचं हे वहिनींचं ठरलेलंच होतं, पण गल्ल्याची चावी कुठे ठेवतो तेवढंच नेमकं आठवेना.

तेवढ्यात आवाज ऐकून वन्सं मागून बाहेर आल्या. समोर चाकू, पिस्तूल, तोंडं झाकलेली पोरं. सहा आठवडे ज्या क्षणाची वाट बघितली तो क्षण! वन्संनी छाती भरून श्वास घेतला, पाय फाकवले, दोन्ही तळवे पुढे केले आणि 'मागे हो' असं दणदणीत ओरडण्यासाठी तोंड उघडलं.

"या, बसा ना," असं त्यांच्या तोंडून निघालं. अगदी बारीक आवाजात.

वाकड्या मानेने खरंच खुर्चीकडे बघितलं.

"वेळ काढू नका!" लांबडा किंचाळला. त्याचा आवाज मध्येच फाटला, तसा त्या वयात फाटतोच. आता गल्ला आपणच उघडावा म्हणून तो काउंटरवर पोट टेकवून आत झुकला. चाकूचं टोक वहिनींच्या हाताला लागलं. त्याच्या पाठीवर दप्तर होतं, माल भरायला आणलेलं. दप्तराच्या वरचा बंद दांड्याच्या आकड्याखाली नेमका आला. मागे व्हायला त्याने पाठ उचलली आणि बंद आकड्यात अडकला.

वहिनींनी ते बघितलं. पुढे काय झालं ते त्यांनी ठरवून केलं की पायानेच ठरवलं, हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. पेडल दाबलं गेलं एवढं खरं.

साखळी करकरली. लांबडा काउंटरवरून मासा ओढावा तसा अलीकडे आला, मग चवड्यांवर उभा राहिला आणि तसाच चवड्यांवर टुणटुणत दुकानाच्या आत निघाला. पुढे कुणाचा तरी लग्नाचा कोट, मागे दोन पडदे, मध्ये हा. दप्तर काढायची सोय नव्हती, कारण त्याने छातीवरचा पट्टाही नीट लावलेला होता. कुणीतरी चांगलं वळण लावलं होतं पोराला. पहिल्याच वळणावर चाकू हातातून सुटला आणि खणकन फरशीवर पडला.

"सोड त्याला!" म्हणत वाकड्या मानेने पिस्तूल रोखलं आणि डोळे मिटून घोडा ओढला.

नळीतून पेरभर ज्योत निघाली. ते सिगरेट पेटवायचं लायटर होतं.

इतका वेळ गोठलेल्या वहिनींना आता कंठ फुटला. "अरे गाढवा! इथे काडी पेटवायची नाही! पाटी दिसत नाही? मागे डागांच्या औषधाचे डबे आहेत, तू, मी आणि अख्खी गल्ली उडेल!" आणि पेडलवरचा पाय न काढता त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी फुंकर मारून पिस्तूल विझवलं.

या ओरड्याने वन्संही जाग्या झाल्या. त्या धावल्या आणि त्यांनी वर्गात शिकलेलं काहीही न करता, टोपीवरूनच अंदाज घेत, पोराचा कान धरला. कानाला धरून त्याला त्याच खुर्चीवर बसवलं. तोही बसला.

दांडा फिरतच होता. लांबडा इस्त्रीच्या मागून वळसा घालून परत काउंटरपाशी आला. टोपी कुठेतरी गळून पडली होती. आतून एक घामेजलेला, पिंपल्स आलेला चेहरा निघाला होता.

"काकू, थांबवा ना!"

'म्हातारे'ची काकू व्हायला एक फेरी पुरली होती. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, फरशीवरच्या चाकूकडे बघितलं. पाय उचलला नाही. तो पुन्हा टुणटुणत आत गेला.

दारातला चिमुकला मघाशीच पळाला होता. पण कोपऱ्यापर्यंत जाऊन तो परत आला. टोपी हातात, नाक गळत होतं.

"दादाला खाली घ्या ना," तो म्हणाला. "त्याचे हात दुखत असतील."

तेव्हा कुठे वहिनींचा पाय उचलला गेला. आणि तेव्हाच त्यांना दिसलं, आपल्या मनगटापासून कोपरापर्यंत रक्ताची रेघ आली होती.

पोलीस आले. इन्स्पेक्टर तरुण बाई होती. चौकीत जबाब घेताना तिला दोनदा खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं. तिसऱ्यांदा आत येऊन ती गंभीरपणे म्हणाली, "हे बघा, जीव वाचवायला लागेल तेवढं करायचा हक्क तुम्हाला आहे. त्याच्या पुढे नाही. चाकू पडल्यावर तुम्ही दांडा लगेच थांबवलात ना?"

"लगेच!" वन्सं म्हणाल्या.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आणखी एक फेरी फिरवला."

वन्संनी टेबलाखालून पाय मारला. नेम चांगला होता, वर्गाचा तेवढा उपयोग झाला.

इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. "घाबरून पाय हलला नाही, असं लिहू?"

"घाबरले होतेच. पण ती दुसरी फेरी रागाची होती. दोन्ही लिहा."

बाहेर आल्यावर वन्संचा तोल सुटला. "राजा हरिश्चंद्राची सून आहेस का तू? उद्या तुलाच आत टाकतील!"

"मग तुम्ही सोडवायला या. कान धरून."

महिन्याभराने बाल न्याय मंडळापुढे सुनावणी झाली. खोली शाळेच्या वर्गासारखी होती. तिघं पोरं केस चोपून भांग पाडून बसली होती. लांबडा सोळाचा, वाकड्या मानेचा त्याचा मित्र पंधराचा, धाकटा भाऊ बाराचा. टोप्यांशिवाय ती इतकी साधी दिसत होती की वहिनींना आधी वाटलं, आपण चुकीच्या खोलीत आलो. बाजूला एक बाई पदर तोंडाला लावून बसली होती. दोघा भावांची आई.

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला मुलांना काही सांगायचंय?"

वहिनी उभ्या राहिल्या. बोलायचं पाठ करून आल्या होत्या, ते सगळं विसरल्या. "त्या दिवसापासून घंटी वाजली की माझा हात कापतो," त्या लांबड्याला म्हणाल्या. "बावीस वर्षं ती घंटी ऐकून मला बरं वाटायचं. ते तू नेलंस. गल्ला राहिला, पण ते गेलं. आणि मी तुला जी दुसरी फेरी दिली, तीही बरोबर नव्हती. तुझे हात आठवडाभर वर होत नव्हते म्हणे. माझं चुकलं."

लांबड्याने वर बघितलं, बोलायचा प्रयत्न केला, आवाज पुन्हा फाटला, आणि तो रडायलाच लागला. मग वाकड्या मानेचाही. बाराचा आधीपासूनच रडत होता. अध्यक्षबाईंनी रुमालांचा डबा पुढे सरकवला. त्यातला पहिला रुमाल वन्संनी घेतला.

दोघा मोठ्यांना सुधारगृहात सहा महिने मिळाले. धाकट्याला आईच्या हवाली केलं आणि दर आठवड्याला समुपदेशकाकडे जायला सांगितलं. वहिनींना अध्यक्षबाईंनी दुसऱ्या फेरीबद्दल तोंडी समज दिली आणि दाराशी आल्यावर हळूच विचारलं, "तुमच्याकडे गालिचे धुता का?"

वन्संनी वर्गात या प्रसंगावर भाषण केलं. त्यात चोर पाच झाले होते आणि 'या, बसा ना' कुठेही नव्हतं. वहिनींनी टाळ्या वाजवल्या.

दोन महिन्यांनी एका सकाळी घंटी वाजली. वहिनींचा हात कापला, पण पूर्वीपेक्षा कमी. काउंटरशी एक बाई उभी होती, काखोटीला जाड रजई. वहिनींनी ओळखलं. बाईलाही कळलं की ओळखलंय. थोडा वेळ दोघी रजईच्या कापडाबद्दल बोलल्या.

"कधी हवीये?"

"थोरला यायला अजून चार महिने आहेत. घाई काही नाही. घरात नुसतं बसवत नाही म्हणून आणली." बाईने रजई काउंटरवर ठेवली. "पत्र आलंय त्याचं. तिथे स्वतःचे कपडे स्वतः धुवावे लागतात म्हणतो. कॉलरचा मळ कसा काढायचा, असं विचारलंय मला. घरी कधी मोजा उचलून ठेवला नाही हो त्याने!"

वहिनींना हसू आवरेना. बाईही हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

"अंगाचा साबण ओला करून चोळायला सांगा," वहिनी म्हणाल्या. "पाव तास तसंच ठेवायचं. मग मऊ ब्रश. घासायचं नाही फार, कापड विरतं."

बाईने पिशवीतून कागद काढला. वहिनींनी सांगितलं तसं ती लिहून घेऊ लागली, एकेक शब्द विचारून.

"कोण आलंय गं?" आतून वाफेच्या आवाजावर आवाज चढवत वन्संनी विचारलं.

"गिऱ्हाईक आहे," वहिनी म्हणाल्या, आणि पुढे सांगू लागल्या, "आणि पांढऱ्यात रंगीत टाकू नको म्हणावं."