खळ न गेलेली चिंधी

इस्पितळामागच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबांनी कापसाचा ओला बोळा एका बाईच्या पोटावर फिरवला आणि चीर न देता लाल चिंधी बाहेर काढली.

"गेली करणी!" सेवक ओरडले. लोकांनी हात जोडले.

शिंपीण नणंदेला धरून रांगेत उभी होती. बाळंतपणाच्या ऑपरेशनला पाच महिने झाले, तरी पोरीची पोटदुखी थांबेना, ताप हटेना, बाळाला उचलून घेववेना. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, "माझं काम चोख झालंय. हा बाहेरचा प्रकार. आमच्या बाबांना दाखवा." शिंपीण देवापुढे दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे, तरी डॉक्टरांचं बोलणं तिला खटकलंच.

नंबर आला. बोळा फिरला, चिंधी निघाली.

"जावेनं केलंय," बाबा म्हणाले. "पाच महिने आत सडत होतं. आता पोटाचा एक्स-रे फोटोबिटो काढायचा नाही, नाहीतर करणी मेंदूत चढेल. या संकल्पाच्या कागदावर सही कर."

"वहिनी, करू?"

"थांब गं."

शिंपिणीनं चिंधी उलगडली. वरून लाल, घडीच्या आत पांढरीफटक. कड चिमटीत चोळली, तर कापड करकरीत.

"बाबा, कोऱ्या कापडाची खळ पहिल्या पाण्यात जाते. ही पाच महिने पोटात राहून तशीच?"

"बाई, श्रद्धा ठेव!"

"ठेवलीय की, देवावर. त्याला कापसात लपावं लागत नाही!"

तिनं बोळ्यांची टोपली उपडी केली आणि एकेक बोळा फाडला. प्रत्येकात लाल रंग फासलेली घडी तयार.

"अगं बाई!" मघाची बाई किंचाळली. "आणि मी उगाच जावेशी अबोला धरलाय!"

शिंपिणीनं कागद मोठ्यानं वाचला. "संकल्प कसला? 'या इस्पितळातल्या उपचारांबद्दल आमची काहीही तक्रार नाही,' असं लिहिलंय!"

ती नणंदेला घेऊन तडक दुसऱ्या इस्पितळात गेली. एक्स-रे फोटोत पोटात एक पांढरी वेडीवाकडी रेघ दिसली. "गॉज, म्हणजे रक्त टिपायची जाळीदार पट्टी, आत राहिलाय," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यातला खास धागा फोटोत दिसतो. टाके घालण्याआधी गॉज मोजायचे असतात, ते मोजलेच नाहीत." त्याच दिवशी त्यांनी तो काढला.

मग शिंपिणीनं एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी नीट समजावलं. "गुण आला नाही, एवढ्यावरून हलगर्जीपणा ठरत नाही. पण पोटात राहिलेला गॉज ही डॉक्टरांची चूक आहे. केसपेपर, ऑपरेशनची नोंद, फोटो, दुसऱ्या डॉक्टरांचं लेखी मत, सगळं जमवा. आणि तक्रारीची मुदत उलटू देऊ नका."

पहिले डॉक्टर भेटायला आले. "ताई, देवाची इच्छा म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

नणंद बिछान्यातून उठून बसली. "गॉज देवानं नाही, तुम्ही ठेवलात. केसपेपरची प्रत द्या."

बायांनो, दिवा लावा, नवस करा. पण दुखणं दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, सहीआधी कागद वाचा आणि अन्याय झाला तर वकिलाचं दार ठोठावा. त्यानं कुठलाच देव रागावत नाही.