आवाज मधोमध बसला पाहिजे

गाडीत डेक बसवणं बंद होऊन जमाना झाला, तरी लोक त्यांना डेकवालेच म्हणत. त्यांनी धंदा सुरू केला तेव्हा गाडीत दोन खुंट्यांचा रेडिओ असायचा. एका खुंटीनं आवाज, दुसरीनं स्टेशन. मग कॅसेट आली आणि गुंता झालेली फीत पेन्सिलीनं गुंडाळण्यात त्यांची अर्धी जवानी गेली. मग सीडी आली, ती खड्ड्याखड्ड्याला अडखळायची. मग बोटाएवढा पेनड्राइव्ह, आणि आता तर नुसताच पडदा. गाणं फोनमधून वायरीशिवाय येतं, कुठून येतं ते दिसतसुद्धा नाही. प्रत्येक नव्या यंत्राला डेकवाल्यांनी आधी यथेच्छ नावं ठेवली आणि मग गावात सगळ्यांत आधी तेच ते शिकले.

एक गोष्ट मात्र बदलली नव्हती. डाव्या-उजव्या स्पीकरचा तोल नीट साधला, की गाणारी बाई समोरच्या काचेत, अगदी मधोमध बसून गातेय असं वाटतं. हा तोल डेकवाले डोळे मिटून कानानं लावत. ज्या मिस्त्रींनी त्यांना हे शिकवलं, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बसली का मधोमध?"

"तुम्ही म्हणता तर बसली असेल," डेकवाले तेव्हा म्हणाले होते.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर आपटला होता. "दुसऱ्याच्या कानानं ऐकायचं असेल तर उद्यापासून येऊ नकोस." आणि वर एक नियम घालून दिला होता: ज्यानं तोल लावला, गाडीची किल्ली त्यानंच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. डेकवाल्यांनी तो नियम आजवर मोडला नव्हता. त्यांची लेक दहा वर्षं दुकानात होती, वायरिंगमध्ये तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण किल्ली तिनं एकदाही दिली नव्हती. तिनं आवाज मोजायचा माइक विकत आणला, तेव्हा डेकवाले म्हणाले, "त्या दांडक्याला गाणं ऐकून कधी रडू आलंय का?" लेकीनं हसून माइक खणात ठेवून दिला.

गेली दोन वर्षं मात्र डेकवाल्यांचं डोकं फिरलं होतं. या नव्या पडद्यांवर बाई मधोमध बसायलाच तयार नाही. सदा उजवीकडे सरकलेली. डावा स्पीकर वाढवावा तेव्हा कुठे जागेवर येते. यंत्र बनवणाऱ्यांच्या नावानं ते रोज खडे फोडत. लेक नुसतं "हं" म्हणे आणि गाडी बाहेर निघण्याआधी फडकं मारायला आत जाऊन बसे.

त्या दिवशी लेक सामान आणायला बाजारात गेली होती. डेकवाल्यांचे जुने दोस्त टॅक्सीवाले यांची नवी गाडी तयार झाली होती. त्यांच्या पाचही गाड्यांना आवाज डेकवाल्यांनीच दिला होता. किल्ली घेऊन ते गेले आणि अर्ध्या तासात परत आले.

"काय रे, तुझी बाई माझ्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलीय," ते म्हणाले. "सीटबेल्ट लाव म्हणावं तिला."

डेकवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "यंत्रच भिकार आहे. थांब, तुला दाखवतोच."

त्यांनी टॅक्सीवाल्यांना चहाला पिटाळलं आणि फळीवरचा जुना डेक खाली घेतला. कामाच्या टेबलावर दोन स्पीकरचे खोके होते, एक खिडकीकडे, एक दाराकडे, आणि बरोबर मध्ये फरशीवर रंगानं आखलेली स्टुलाची जागा. डेक जोडला. तोलाची खुंटी फिरवली, मध्यावर ती 'टक्' करून थांबली. या डेकनं त्यांना कधीच फसवलं नव्हतं. ते स्टुलावर बसले, डोळे मिटले, कॅसेट सुरू केली.

बाई दाराकडे होती. उजवीकडे.

त्यांनी दोन्ही वायरींची अदलाबदल केली. डेकमध्ये दोष असता, तर बाई आता खिडकीकडे गेली असती. ती दाराकडेच राहिली. म्हणजे स्पीकर, असं ते पुटपुटले. आता एकच तपासणी उरली होती, आणि ती करायला त्यांचा हात होईना. शेवटी ते उठले, स्टुलावर उलटे, स्पीकरकडे पाठ करून बसले. स्पीकर खराब असेल तर बाई दाराकडेच राहील.

बाई खिडकीकडे गेली. पुन्हा त्यांच्या उजव्या कानाशी. ती स्पीकरबरोबर नव्हे, त्यांच्या डोक्याबरोबर फिरत होती.

फोन हल्ली आपण उजव्याच कानाला लावतो, हे त्यांना आत्ता आठवलं.

लेक पिशव्या घेऊन आत आली आणि स्पीकरकडे पाठ करून बसलेल्या बापाला पाहून दारातच थबकली.

"तुला माहीत होतं," डेकवाले म्हणाले.

"हो बाबा."

"फडकं मारायला बसायचीस, ते..."

"तोल परत लावायला."

"दोन वर्षं! तोंडात काय मूग धरले होतेस?"

"तुम्ही डोळे मिटून ऐकत बसायचात ना," लेकीचे डोळे भरून आले. "तेव्हा तुम्ही किती खूश दिसता! मला बोलवेचना."

डेकवाल्यांना राग आला होता, लाजही वाटत होती, आणि त्याहून जास्त लेकीची माया दाटून आली होती. त्यांनी खण उघडला आणि माइक काढून तिच्या हातात दिला. तेवढ्यात टॅक्सीवाले परतले.

"यंत्र चांगलं आहे," डेकवाले त्यांना म्हणाले. "माझा डावा कान गेलाय. तोल हिला लावू दे."

टॅक्सीवाल्यांनी थट्टेसाठी उघडलेलं तोंड मिटलं आणि मान हलवली.

लेकीनं माइकनं मोजलं, मग तो बाजूला ठेवून डोळे मिटले आणि पडद्यावर बोट केसभर सरकवलं. उतरून तिनं वडिलांना जागा करून दिली. डेकवाले आत बसले, त्यांनीही डोळे मिटले. बाई उजवीकडेच होती.

"बाबा, बसली का मधोमध?"

त्यांचा हात पडद्याकडे गेला, क्षणभर तिथंच थांबला, आणि त्यांनी तो मागे घेतला.

"तू म्हणतेस तर बसली," ते म्हणाले. "जा, किल्ली तू दे."