सहाव्या टेबलावरचे दीडशे टॉवेल

अक्षताने अठरा दिवस टॉवेल मोजले. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या तपासणी विभागात ती सकाळी साडेआठला येई, कोपऱ्यात स्टूल घेई आणि प्रत्येक टॉवेल कुठून कुठे गेला ते लिहून ठेवी. तिच्या पीएचडीचा विषय होता टॉवेल उद्योगातली 'लीन' पद्धत. म्हणजे ज्या हालचालीने मालात काही भर पडत नाही, ती शोधायची आणि काढून टाकायची.

विभागात सहा टेबलं होती आणि सहा बायका. शिलाईहून आलेला टॉवेल दोन्ही बाजूंनी पाहायचा, सुटलेले धागे कापायचे, डाग दिसला तर बाजूला टाकायचा, चांगला असेल तर आपल्या क्रेटमध्ये ठेवायचा. पाळी संपली की सुपरवायझर प्रत्येकीचा क्रेट मोजे. पाळीला चारशे, हा आकडा ठरलेला. महिनाभर साडेतीनशेच्या खाली राहिलेल्या बाईला पुढच्या महिन्यात बोलावत नसत.

अक्षता दुधनीची, घरी कन्नड बोलणारी. हे कळल्यापासून दुसऱ्या टेबलावरची गुरम्मा तिला 'तंगी' म्हणू लागली. कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. अकराव्या दिवशी चहाच्या सुट्टीत गुरम्माने तिच्या मांडीवरचा नकाशा पाहिला. सहा चौकोन आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या शेकडो रेघा.

"तंगी, ही काय कुरडई घातलीस कागदावर?"

"तुमचे टॉवेल कुठं कुठं फिरतात ते आहे, अक्का."

"लई फिरत्यात की. आमच्यापरीस बरं हाय त्यांचं."

बायका हसल्या. अक्षताही हसली आणि तिने विचारलं, "पण तपासून झालेला माल सहा नंबरला का जातो? पाचही टेबलांवरून?"

हसणं थांबलं. सहाव्या टेबलावर रंभाबाई होती. करकंबची, वय छप्पन्न, नवरा नाही, मूल नाही, नीलम नगरात एका खोलीत राहणारी. ती मान वर न करता धागा कापत राहिली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचा डावा डोळा गेला होता आणि उजव्याला अंधूक दिसे. पण बोटांना सुटलेला धागा लागायचा, त्यावर तिचं काम चालू होतं.

गुरम्माने अक्षताला पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. रंभाबाईचे पाळीला अडीचशे होतात. बाकीच्या पाचजणी चारशेतीस करतात आणि पाणी प्यायला जाता-येता प्रत्येकी तीस टॉवेल तिच्या क्रेटमध्ये टाकतात. संध्याकाळी सहाही क्रेटांत चारशे भरतात.

"ह्याला आमी वाढणं म्हणतो. ताटात वाढतो तसं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत रंभाक्कानंच वाढलं मला. तवा तिचं साडेचारशे व्हायचं. तू ह्ये लिवू नको. हितनं निघाली तर तिला कुटं कोण उभं करणार न्हाय."

"मी कुणाचंही नाव घालणार नाही," अक्षता म्हणाली. "शब्द देते."

गुरम्माचं एवढ्यावर समाधान झालं. अक्षताचं झालं नाही. रोजचे दीडशे टॉवेल, तेही तपासून झालेले, उलट दिशेने जाणारे. साऱ्या विभागात याहून मोठी वाया जाणारी हालचाल दुसरी नव्हती. तिने मार्गदर्शकांना फोन केला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दिसलेलं वगळलंत तर तो अभ्यास राहत नाही. नाव घालायचं नाही, हे योग्यच. टेबलाचा क्रमांक घाला."

तिला ते पटलं. अहवालात रंभाबाई कुठेच नव्हती. 'टेबल क्र. ६' होतं. तिथे प्रत्येकीचं टेबल वर्षानुवर्षं ठरलेलं आहे, हे तिला माहीत होतं. अठरा दिवस ती तेच तर पाहत होती.

सादरीकरण मालकांच्या केबिनमध्ये झालं. मल्लिनाथ शेठ आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांनी नकाशा टेबलावर सरळ केला आणि सहाव्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हितं माल का चाललाय, मॅडम?"

"कामाची वाटणी समान नाही, सर. त्यामुळे... तो आपोआप समतोल होतो."

"आपोआप कायबी होत न्हाय." ते सुपरवायझरकडे वळले. "सहा नंबरला कोण बसतंय?"

सुपरवायझरने नाव सांगितलं. शेठ म्हणाले, "अकरा वर्षं ह्या केबिनीतनं बघतोय. मला दिसलं न्हाय. तुमी अठरा दिवसांत दाखवलंत. शिक्षण म्हणतात ते ह्येच."

दुसऱ्या आठवड्यात क्रेटांना झाकणं आली. टॉवेल आत टाकायला वर फट आणि कुलूप, किल्ली सुपरवायझरकडे. रंभाबाईच्या क्रेटमध्ये पहिल्या दिवशी दोनशे बावन्न निघाले, दुसऱ्या दिवशी दोनशे एकसष्ट, तिसऱ्या दिवशी दोनशे चव्वेचाळीस. महिना पूर्ण होऊ दिला गेला. मग तिला साडी, नारळ आणि शाल देऊन फोटो काढला. साडीबरोबरच्या पाकिटात जो काही हिशोब होता, तो चोख होता. सहावं टेबल उचलून पॅकिंगला दिलं.

दोन महिन्यांनी अक्षता दुसऱ्या टप्प्याच्या मोजणीला आली. बायकांनी तिला बसायला स्टूल दिलं. मग त्या कामाला लागल्या. तिने मोजलं. उलटी वाहतूक शून्य. प्रत्येकीचे चारशेतीस. आधी सहाजणींचे मिळून दोन हजार चारशे होत, म्हणजे सरासरी चारशे. आता पाचजणींचे दोन हजार दीडशे, सरासरी चारशेतीस. दरडोई उत्पादकतेत साडेसात टक्के वाढ. या अभ्यासावरच्या शोधनिबंधाच्या सारांशात हा आकडा पहिल्याच ओळीत गेला. कोणाचाही हात आधीपेक्षा वेगाने चालत नव्हता, हे तिच्याच तक्त्यांत होतं. तसं वाक्य तिने लिहिलं नाही. ठरलेला आकडा मात्र चारशेचा चारशेतीस झाला. आता कोणी आजारी पडलं तर वाढायला कोणाकडे काही उरत नव्हतं.

निबंध नियतकालिकाकडे गेला आणि परीक्षकाचा एकच प्रश्न आला. पहिल्या टप्प्यात सहा कामगार, दुसऱ्यात पाच. सहावा कामगार का गेला?

"स्वेच्छेने सोडलं म्हणून त्यांच्याकडून एक कागद घेऊन या," सर म्हणाले. "सही असली की विषय संपला."

अक्षता नीलम नगरात गेली तेव्हा रंभाबाई दारातच शेंगा फोडत बसली होती. चटणीवाल्याकडून पोती येत होती. या कामाला डोळे लागत नव्हते. अक्षताने 'मावशी' म्हणताच आवाजावरून तिने ओळखलं.

"आक्षता व्हय? बस. पाणी घे आतनं, माठ भरलेला हाय."

अक्षताने पाणी घेतलं नाही. कागद वाचून दाखवला. रंभाबाईने टरफलं झटकली.

"काम सोडलं न्हाय मी. काढलं मला. तसं लिही की."

"तसं लिहिलं तर शेठ पुढे अभ्यासाला कुणालाच आत येऊ देणार नाहीत, मावशी."

"मग?"

"मग माझं काम अर्धवट राहील."

"माझं पुरं झालं व्हय?" "गुरम्मा म्हणली, पोरगीनं शब्द दिलाय, नाव घालणार न्हाय. न्हाय घातलंस. आता माझ्या दारात येऊन नावच मागाय लागलीस?"

"माझी चूक झाली, मावशी."

"चूक कसली? तुला दिसत हुतं की सगळं." ती पुन्हा शेंगा फोडू लागली. "सही न्हाय करणार. आंगठाबी न्हाय. पाणी पिऊन जा, उन्हाचं आलीस."

त्याच संध्याकाळी अक्षताने परीक्षकाला उत्तर लिहायला घेतलं. 'कामावरून काढले' असं तिने एकदा टाइप केलं. बराच वेळ ते शब्द पडद्यावर होते. मग ते पुसून तिने लिहिलं: 'एक कामगार अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात उपलब्ध नव्हता.' याला सही लागत नव्हती. सरांनी वाचून 'उत्तम' एवढंच कळवलं. चौथ्या दिवशी निबंध स्वीकारला गेला.

ही बातमी तिने मल्लिनाथ शेठना फोनवर दिली. त्यांनी अभिनंदन केलं आणि म्हणाले, "आता शिलाईकडं बघा की, मॅडम. चौदा बायका हाईत तितं. तितंबी काहीतरी चालूच असणार."

अक्षताने शिलाईची पाळी किती वाजता सुरू होते ते विचारलं.