हॅम्बुर्गला गेलेला पाळणा

ब्याण्णव सालच्या शिमग्याला करंजाड्यात, घरतांच्या आळीत, एक पोर असं होतं की ते चालत होतं, बोलत होतं, शेजारच्या कोंबड्यांना पळवून पळवून हैराण करत होतं, पण त्याला नाव नव्हतं. सगळे त्याला बाळ्या म्हणायचे. नाव नव्हतं ते त्याच्या आत्यामुळे, आणि ही आत्या, रूपा, अडली होती एका पाळण्यापायी. तो पाळणा त्या वेळी जर्मनीत, हॅम्बुर्गला होता.

पाळणा कुणा एकाचा नव्हता, आळीचा होता. ज्या घरात पोर जन्मेल तिथे तो पितळेच्या साखळ्यांसकट जायचा, आणि पोर रांगायला लागलं की पुढच्या बाळंतिणीच्या घरी. सागवानी लाकूड, लाखेनं रंगवलेल्या दांड्या, चार कोपऱ्यांवर चार पोपट. त्यातल्या एका पोपटाची चोच रूपाच्या भावानं, हरेशनं, दात येत असताना कुरतडून खाल्लेली. आळीतल्या प्रत्येकाचं नाव याच पाळण्यात ठेवलेलं.

रूपा मुंबईला कला महाविद्यालयात शिकायची. आळीतून तिथवर पोचलेली ती पहिलीच. तिनं वर्गात या पाळण्याचं चित्र काढलं, सरांनी ते हेतल दलाल नावाच्या बाईंना दाखवलं, आणि एके दिवशी हेतल मॅडम गाडी घेऊन करंजाड्यात हजर. त्यांची संस्था परदेशात डिझाइनची प्रदर्शनं भरवायची. पाळणा बघून त्या अशा हरखल्या की हातातला चहा गार होऊन गेला.

"फक्त टोकियो," त्या म्हणाल्या. "पावसाळ्याच्या आत परत."

रूपाची आई गुणाबाई ठाम नाही म्हणाली. सून मालू, म्हणजे हरेशची बायको, पोटुशी होती. देवाला साकडं घालून घालून पहिल्यांदाच दिवस गेलेले.

"आये, बारशाच्या आधी पाळणा दारात," रूपा म्हणाली. "मी शब्द देते."

प्रदर्शनाच्या पुस्तकात तिचं नाव छापून येणार होतं. खरं सांगायचं तर त्यापुढे पोरीला दुसरं काही दिसतच नव्हतं. पाळणा पेंढ्यात गुंडाळून गेला.

पावसाळा आला, सरला. मालूला मुलगा झाला. रूपा पनवेलला एसटीडी बूथवर जाऊन उभी राहिली.

"अगं, टोकियोत काय रिस्पॉन्स!" हेतल मॅडम म्हणाल्या. "आता हॅम्बुर्गनं मागितलाय."

"मॅडम, पण माझ्या भाच्याचं बारसं..."

"सो स्वीट! फोटो पाठव हं."

रूपा घरी आली ती खाली मान घालून. गुणाबाईनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं तांदूळ निवडता निवडता निकाल दिला. "मंग बारसं बी पाळना येल तवाच. नाव आत्यानं ठेवायचं, पाळना बी आत्यानंच आनायचा. तवर पोर झोळीत."

हरेशनं समजूत घालून पाहिली, मालू एकदा रडली, पण गुणाबाईचा हट्ट म्हणजे दगडावरची रेघ. बाळाच्या डोसाच्या कार्डावर सिस्टरनं 'बाळ घरत' लिहिलं. आळीतल्या बायका रूपाला वाटेत अडवून विचारायच्या, "कवा येतंय गं तुजं जर्मनचं ईमान?" रूपानं बिचारीनं नाव कधीच ठरवून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. ते ओठांवर घेऊन ती दर महिन्याला संस्थेच्या ऑफिसात जायची, आणि दर महिन्याला तिला तेच तेच गोड हसू मिळायचं. चिडचिड व्हायची तिची. एकदा परत येताना तिनं स्वतःच्या चित्रांची वही खाडीत भिरकावली आणि मग हळहळत बसली.

अशात मॅडमनी प्रदर्शनाची कॅसेट पाठवली. निदान पाळण्याचा थाट बघून आई निवळेल, म्हणून रूपानं पनवेलहून व्हीसीआर भाड्यानं आणला. पडवीत आळी जमली. पडद्यावर पांढरीशुभ्र खोली, मधोमध पाळणा, आणि तो आपोआप हलतोय! वर कुठेतरी मोटर लपवलेली. आत कुणी नाही. भोवती गोरी माणसं हाताची घडी घालून गंभीर उभी.

गुणाबाई ताडकन उठली. "रिकामा पाळना हलवतान? लेकराच्या मुळावर उठल्यात काय मेले!" मालूनं बाळ्याला पदराखाली ओढलं. कुणीतरी टीव्ही बंद केला. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी रूपाची गत.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बूथवर.

"मॅडम, मोटर बंद करा. नाहीतर आत वरवंटा तरी ठेवा."

"काय ठेवा?"

"वरवंटा. मसाला वाटायचा दगड. फडक्यात गुंडाळून. आमच्यात बारशाला बाळाच्या आधी तोच पाळण्यात घालतात. पाळणा रिकामा हलवत नाहीत."

"अगं, पण रिकामा आहे तेच तर पॉवरफुल आहे! लोक रडतात तिथे, रूपा. 'प्रतीक्षा' नाव दिलंय आम्ही त्याला."

"वाट आम्ही बघतोय, मॅडम! आमचं पोर बिननावाचं फिरतंय!"

मॅडम म्हणाल्या, "वा. हे वाक्य मी लंडनच्या पुस्तकात वापरू का?"

रूपानं फोन आपटला. बूथवाला फोन फुटला की काय ते बघायला लागला.

पाळणा आला तो त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. खोकं उघडलं तर पोपटाला नवी चोच बसवलेली, इतकी बेमालूम की हरेश बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिला.

तरी आळी नटली. घुगऱ्या शिजल्या. वरवंट्याला कुंची घालून बायकांनी तो पाळण्याखालून-वरून दिला-घेतला, आत निजवला, जोजवला, उचलला. मग बाळ्याला धरून आणला. पाळण्यात त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. गुणाबाई मात्र हात जोडून उभी.

रूपा वाकली. तीन वर्षं तोंडात धरलेलं नाव तिनं त्याच्या कानात सांगितलं. पाठीत बायकांचे धपाटे पडले.

"नीलेश," तिनं मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. तिचे डोळे भरून आले होते.

पोरानं कान चोळला. "तो कोन?"

"तू. तू नीलेश."

"नाय. मी बाळ्या हाय," तो म्हणाला आणि पाळण्यातून उडी टाकून अंगणात पळाला.

हसण्याचा एकच कल्लोळ झाला. गुणाबाई दारात धावली. "ए बाळ्या, पडशील रं!" तिनं हाक मारली, आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानातही आलं नाही. पोर ओ देऊन वळलं.

रूपाला हसू आलं नाही. इतका राग, इतक्या खेपा, आणि नाव जिथल्या तिथे तिच्याच तोंडात राहिलं. ती तशीच उभी होती, तोच मालूनं तिच्या दंडाला हात लावला.

"रूपाताई," मालू हळूच म्हणाली, "रिकामा हलतोय. धर."

रूपानं दोन्ही हातांनी पाळणा धरला.